लेखकाच्या मनात शिरायचे कसे?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एखादा निबंध देतात आणि त्याचा हेतू, त्याचा वाचकवर्ग आणि लेखकाने योजलेल्या युक्त्या यांवर दोन पाने लिहायला सांगतात. युक्त्या मी शोधून काढते. वाचकवर्ग अंदाजाने लिहिते. पण हेतूपाशी गाडी अडते. लेखक जाऊन शंभर वर्षे झाली, त्याच्या मनात काय होते हे मी कसे सांगणार? आणि मी लिहिलेले बरोबर की चूक, हे सर तरी कशावरून ठरवतात?
– एक विद्यार्थिनी, चिंचवडगाव

उत्तर : शेवटचा प्रश्न सरांना विचारून पाहिलात की नाही, ते कळवलेले नाही. जरूर विचारा. त्या प्रश्नावर भल्याभल्यांची पंचाईत झालेली आहे, आणि तीही भर न्यायालयात.

चिंचवडगावात राहता, म्हणजे चापेकर वाडा कुठे हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरातल्या दामोदर आणि बाळकृष्ण या भावांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त, पुण्यातल्या शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आला होता. अफझलखानाचा वध योग्य होता का, यावरची भाषणे त्यात होती. शिवाजी महाराज आजचा देश पाहून बोलत आहेत, अशी कल्पना करून रचलेली एक कविताही त्याच अंकात होती. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि गिल्ला केला. जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता. आरोप होता तो छापलेल्या मजकुराबद्दल, कलम १२४ अ खाली, राजद्रोहाचा.

आता न्यायालयापुढचा प्रश्न पाहा. हा मजकूर छापण्यामागे लेखकाचा आणि संपादकाचा हेतू काय? तुमच्या दोन पानांपैकी पहिलाच मथळा. फरक इतकाच की तुमचे दोन गुण जातील, तिथे अठरा महिन्यांची सक्तमजुरी होती.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले त्याचा मथितार्थ असा : माणसाच्या मनात डोकावता येत नाही, तेव्हा हेतूचे अनुमान लिखाणाच्या भाषेवरूनच करायचे. ते करताना हे लिखाण कोण वाचणार होते आणि कोणत्या वेळी वाचणार होते, हेही लक्षात घ्यायचे. म्हणजे भाषा, वाचक आणि प्रसंग. तुमच्या अभ्यासक्रमाने यापेक्षा वेगळे काही सांगितलेले नाही. ज्यूरीत नऊ जण होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. कोण कोणत्या बाजूला होते ते वेगळे सांगायला नको.

पद्धत एक, मजकूर एक, तरी निकाल दोन. इथे तुम्ही म्हणाल, ‘पाहिलंत? शेवटी ज्याचे त्याचे मतच.’ मला तसे वाटत नाही. पद्धतीत दोष नव्हता. दोष तिच्यातल्या दुसऱ्या पायरीवर होता. त्या सहा जणांनी लेख भाषांतरातून वाचला आणि ‘केसरी’चा वाचक मनाने कल्पिला. दख्खनचा मराठी माणूस, प्लेगने आणि सोजिरांच्या झडत्यांनी आधीच चिडलेला, ठिणगीची वाट पाहत बसलेला. असा वाचक एकदा धरून चालले की कोणत्याही मजकुराचा हेतू आग लावणे हाच निघणार. म्हणून तुमच्या पत्रातले मला खटकलेले वाक्य हेतूबद्दलचे नाही. ‘वाचकवर्ग अंदाजाने लिहिते’ हे आहे. गाडी हेतूपाशी अडते असे तुम्हाला वाटते, पण ती आधीच्या स्टेशनावरच चुकलेली असते.

वाचक अंदाजाने लिहायचा नसतो, मजकुरातून पुराव्यानिशी काढायचा असतो, आणि पुरावे भरपूर असतात. पहिला पुरावा म्हणजे लेखकाने काय समजावून सांगितले नाही. ‘केसरी’ला अफझलखान कोण हे सांगावे लागत नाही. जे गृहीत धरले, ते वाचकाला ठाऊक असलेले. दुसरा पुरावा सर्वनामांचा. ‘आपण’मध्ये कोण कोण बसते, ‘ते’ म्हणून कोणाला बाहेर ठेवले आहे, आणि लेखाच्या मध्यावर ही सीमा हळूच सरकते का? तिसरा पुरावा सगळ्यांत बोलका : लेखक कोणत्या आक्षेपांना उत्तर देत बसला आहे? माणूस ज्याला पटवायचे आहे त्याच्याच शंका खोडतो. ज्या शंकेला तो हातच लावत नाही, ती शंका घेणारा माणूस त्याच्या समोर नाही. हे तिन्ही कागदावर उतरवा, मग वाचक कोण हे लिहायला दोन वाक्ये पुरतात.

एक फसवी जागा मात्र सांभाळा. लेख ज्याला उद्देशून आहे तो आणि लेख ज्याच्यासाठी आहे तो, हे दोघे पुष्कळदा वेगळे असतात. रँडच्या खुनानंतर पंधरवड्याने टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा दिला. प्रश्न सरकारला विचारलेला, पण मराठीत. सरकारला तो कळायचा तर देशी वृत्तपत्रांच्या इंग्रजी गोषवाऱ्यातून. मग प्रश्न ऐकायचा होता कोणी? ज्याने सरकारशी कोणी असे बोलताना कधी ऐकले नव्हते, त्या मराठी वाचकाने. सरकारला प्रश्न विचारता येतो, हे त्याला दाखवणे हा त्या मथळ्याचा अर्धा हेतू आहे. तो नुसता ‘सरकारवर टीका’ या दोन शब्दांत मावत नाही.

महात्मा फुल्यांनी हेच बारा वर्षे आधी केले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांना पाठवले. फुल्यांनी पत्राने नकार कळवला. खासगी नकाराला चार ओळी पुरल्या असत्या. पण हे पत्र ‘ज्ञानोदया’त छापले गेले आणि त्यात सभेला न येण्याची कारणे अशी मांडलेली आहेत की ती वाचून रानड्यांचे मन वळावे, अशी अपेक्षा तिथे दिसतच नाही. ज्यांना त्या सभेचे निमंत्रण कधीच मिळणार नव्हते, त्यांना त्या सभेतले रिकामे आसन दाखवायचे होते. पत्रावर नाव एकाचे, पण पोहोचवायचे दुसऱ्याकडे.

याच फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मात्र वेगळ्या कानांसाठी आहे. १८८३ च्या सुमाराचे हे पुस्तक छापण्याआधी त्यांनी भाग भाग करून जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. त्यातली लांबच लांब वाक्ये, एकामागून एक रचत नेलेल्या याद्या परीक्षेच्या उत्तरात ‘पाल्हाळ’ म्हणून नोंदवल्या जातात. एकदा मोठ्याने वाचून पाहा. जमलेल्या माणसांपुढे दम न घेता गुन्ह्यांची यादी वाचली जाते, तेव्हा ती कशी चढत जाते ते कळेल.

आणखी एक वाचक असतो, चोरून वाचणारा. शि. म. परांजप्यांचे ‘काळ’ १८९८ मध्ये निघाले, म्हणजे टिळकांना शिक्षा झाल्याच्या पुढच्याच वर्षी. त्याच वर्षी राजद्रोहाचे कलमही अधिक कडक झाले. आता सरकारी वकील हा प्रत्येक लेखाचा हमखास वाचक होता. परांजप्यांनी त्याला धरूनच शैली घडवली. वरवर स्तुती, आतून फटका. विषय पुराणातला, निशाणा कलेक्टर कचेरीवर. वक्रोक्ती ही तिथे नटण्यासाठी घातलेली नाही. एका वाचकाला कळावे आणि दुसऱ्याला सिद्ध करता येऊ नये, यासाठी ती आहे. दहा वर्षे ती पुरली. १९०८ मध्ये परांजप्यांनाही शिक्षा झालीच.

आता मूळ प्रश्न. लेखकाच्या मनात शिरल्याशिवाय हेतू कसा सांगायचा?

यावर आपल्याकडे इतके कसून विचार झालेले आहेत की पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या तीन मथळ्यांना बिचकायचे कारण नाही. संस्कृत शास्त्रग्रंथ सुरू करताना चार गोष्टी सांगायच्या अशी जुनी शिस्त आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रयोजन म्हणजे तुमचा हेतू, अधिकारी म्हणजे हा ग्रंथ ज्याच्यासाठी आहे तो वाचक. आणि वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची तर अडचण तुमच्यापेक्षा बिकट. वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. ज्या मजकुराला लेखक नाही त्याच्या लेखकाच्या मनात शिरणार कोण? तरी एखाद्या प्रकरणाचे तात्पर्य काय हे ठरवणे भागच होते. म्हणून त्यांनी सहा खुणा ठरवल्या. उपक्रम आणि उपसंहार म्हणजे सुरुवात आणि शेवट कशाने केला, ही मिळून एक खूण. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा काय आले. अपूर्वता म्हणजे दुसरीकडे न सापडणारे इथे नवे काय सांगितले. फल म्हणजे हे मानले तर पदरात काय पडते. अर्थवाद म्हणजे स्तुती, निंदा, गोष्टी, दाखले. उपपत्ती म्हणजे युक्तिवाद.

या सहा खुणा मराठी वाचकांपुढे ठळकपणे मांडणारे पुस्तक कोणते? टिळकांचे ‘गीतारहस्य’. अगदी पहिल्या प्रकरणात. गीतेचे तात्पर्य प्रत्येक आचार्याने आपापल्या संप्रदायाप्रमाणे काढले, तेव्हा ते काढायची निरपेक्ष कसोटी हवी, म्हणून ते मीमांसकांकडे जातात आणि त्या कसोटीवर कर्मयोग सिद्ध करायला बसतात. हे त्यांनी लिहिले मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने. तिथे ते पोहोचले होते १९०८ च्या दुसऱ्या राजद्रोह खटल्यामुळे, म्हणजे पुन्हा एकदा त्यांच्या लेखांचा हेतू दुसऱ्या कोणीतरी ठरवल्यामुळे. हा संबंध मी जोडतो आहे, टिळकांनी नव्हे. पण दोनदा ज्याच्या मजकुराचे तात्पर्य परक्या ज्यूरीने काढले, त्याने तात्पर्य काढण्याच्या नियमांनी ग्रंथ सुरू करावा, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

त्या खटल्यातल्या एका लेखावर खुणा लावून पाहू. ‘देशाचे दुर्दैव’, १२ मे १९०८. मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बाँब पडला, त्यानंतरचा. लेख सुरू होतो झाल्या प्रकाराबद्दलच्या हळहळीने आणि जातो सरकारने धोरण बदलावे या मागणीकडे. अभ्यास, म्हणजे पुनरावृत्ती, कशाची? बाँबची नाही, नोकरशाहीच्या दुराग्रहाची. अपूर्वता कशात? बाँबचा निषेध तर त्या आठवड्यात सगळेच करत होते. बाँबला रोग न म्हणता रोगाचे लक्षण म्हणणे, हे वेगळे होते. तेव्हा सुरुवातीची हळहळ खोटी ठरवायची गरज नाही, पण हेतू तिथे नाही. ती वाचकाला लेखात घेणारी ओसरी आहे, घर पुढे आहे. सरकार पक्षाने हळहळीला ढोंग म्हटले की तुम्ही विचारू शकता, मग लेखातला अर्ध्याहून अधिक युक्तिवाद त्या ढोंगासाठी कशाला खर्च केला? आणि कोणी ‘हा लेख फक्त निषेधाचा आहे’ म्हणाले, तर पुनरावृत्तीची खूण त्याच्या आड येते. सरांनी तुमचे उत्तर तपासायचे ते असे. कोणत्या खुणांचा उलगडा तुमच्या विधानाने होतो आणि कोणत्या शिल्लक राहतात? शिल्लक कमी, ते उत्तर बरे. आणि जे शिल्लक राहते ते लपवू नका. ‘माझ्या म्हणण्यात हा परिच्छेद बसत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलीला मी तरी एक गुण जास्तच देईन.

टिळकांनी या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतःच केला, एकवीस तासांहून अधिक बोलून. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा होता की हे लेख एका चालू वादातले उत्तर आहेत, अँग्लो-इंडियन पत्रांनी जे लिहिले ते शेजारी ठेवून वाचा. म्हणजे प्रसंग. सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने ते मानले नाही आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. (१८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी हेच दावर वकील म्हणून उभे राहिले होते. असो.) प्रसंग बदलला की मजकूर कसा बदलतो याचा याहून लख्ख दाखला चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त आहे. १८७४ ला सुरू झालेल्या मालेतला शेवटचा निबंध ‘आमच्या देशाची स्थिति’. तो निघाला तेव्हा सरकारने त्याकडे कानाडोळा केला. पुढच्या शतकात, चिपळूणकर जाऊन कित्येक वर्षे झाल्यावर, तोच निबंध सरकारने जप्त केला. एक अक्षर बदलले नव्हते. वाचणारे आणि वाचण्याची वेळ बदलली होती.

यावरून एक खबरदारी. हेतू आणि परिणाम यांची गल्लत करू नका. लेख वाचून कोणी काय केले, ही इतिहासाची बाब. लेख वाचकाला काय करायला सांगतो, ही तुमची. १५ जूनचा अंक आणि २२ जूनची गोळी यांत ज्यांनी फरक केला नाही, त्यांची सगळी गफलत तिथलीच.

युक्त्यांबद्दल थोडेच. मीमांसकांनी अर्थवाद आणि उपपत्ती या हेतूच्या खुणांमध्येच घातल्या, हे विसरू नका. युक्त्यांचा तिसरा, सुटा मथळा करून ‘लेखकाने उपमा, प्रश्नालंकार व उपरोध यांचा प्रभावी वापर केला आहे’ असे लिहिले की ते उत्तर कोणत्याही निबंधाला चालते, म्हणून कोणत्याच निबंधाचे नसते. प्रत्येक युक्तीला विचारा : ही काढली तर या वाचकाचे काय हुकेल? सरावाला ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ घ्या, १८८२ चा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्यावरून पुण्याच्या एका वृत्तपत्राने सरसकट बायकांना नावे ठेवली, त्याला बुलढाण्याच्या या बाईंनी दिलेले उत्तर. त्या पुरुषांशी थेट समोरासमोर बोलतात, प्रश्नावर प्रश्न टाकतात. ते प्रश्न काढून त्याच गोष्टी साध्या विधानांत लिहा. माहिती तीच राहील, पण वाचणारा पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून प्रेक्षकांत जाऊन बसेल. ‘प्रभावी’ या शब्दाच्या जागी हे वाक्य लिहा.

प्रश्न : मी चाकण एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. सुरक्षेच्या सूचना मीच लिहून बोर्डावर लावतो. कोणी वाचत नाही. भाषा शुद्ध असते, मुद्दे बरोबर असतात. चुकते कुठे?
– एक वाचक, चाकण

उत्तर : नमुना पाठवलात ते बरे झाले. ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, सुरक्षा साधनांचा वापर अनिवार्य असून उल्लंघन करणाऱ्यांवर नियमानुसार कारवाई करण्यात येईल.’ वरचे उत्तर वाचलेच असेल, तर त्याच खुणा लावा. सुरुवात ‘सूचित करण्यात येते’, शेवट ‘कारवाई करण्यात येईल’. करणारा कोणीच नाही. कोणते साधन, कोणत्या मशीनवर, हे नाही. न वापरले तर हाताचे काय होते, हेही नाही. या मजकुराचा वाचक तुमचा ऑपरेटर नाही. उद्या अपघात झाला आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, की त्यांना दाखवायला हा कागद आहे. त्या कामाला तो उत्तम आहे, आणि कामगारांनी ते बरोबर ओळखले आहे. म्हणून ते वाचत नाहीत.

इन्स्पेक्टरसाठीचा कागद फायलीत राहू द्या. बोर्डावरचा वेगळा लिहा. वाचणारा कोण ते आधी ठरवा : शिफ्ट बदलताना उभ्या उभ्या बघणारा, बहुधा कंत्राटावरचा, कदाचित बिहार किंवा ओडिशातून आलेला मुलगा. तेव्हा मराठीखाली हिंदीही हवी, आणि ओळी तीनच. पहिल्या ओळीत मशीनचे नाव, दुसरीत करायची एकच गोष्ट, तिसरीत ती न केल्यास काय होते. ‘अनिवार्य’ नको, ‘घाला’ म्हणा. कारवाईची ओळ काढून टाका. तिने भीती बसते ती तुमची, मशीनची नाही. आणि कागद कँटीनच्या बोर्डावर न लावता त्या मशीनवरच लावा, स्टार्टच्या बटणाशेजारी.